खाटा आहेत, परिचारिका कोठे आहेत?

पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडी नावाचे गाव आहे. एका पिढीपूर्वी ते मुळशी तालुक्यातील चार गावांसारखे एक गाव होते. म्हातोबाच्या यात्रेचे दिवस सोडले, तर पुण्याच्या पेठांतून त्याचे नाव क्वचितच कोणी काढी. आज त्याच गावाच्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे काचेचे मनोरे उभे आहेत. साऱ्या भारतातून आलेली लक्षावधी तरुण माणसे तेथे दिवसरात्र खपतात, आणि त्यांच्या श्रमांवर सातासमुद्रांपलीकडच्या बँका, विमान कंपन्या आणि विमा कंपन्या ह्यांचे कारभार चालतात. महाराष्ट्राच्या वैभवाचे चित्र परदेशी पाहुण्यांना दाखवावयाचे झाले, म्हणजे आमचे मंत्री हिंजवडीकडे बोट दाखवतात. त्यात वावगे काही नाही. वैभव आहे आणि ते कष्टाने मिळवलेले आहे.

परंतु आम्ही आज एक साधा प्रश्न विचारणार आहोत. ह्याच हिंजवडीत रात्री दोन वाजता एखाद्या अभियंत्याला, त्याच्या म्हाताऱ्या आईला, किंवा त्याच मनोऱ्यावर विटा वाहणाऱ्या मजुराच्या बाळंतिणीला इस्पितळात न्यावे लागले, तर तिच्या खाटेशेजारी शिकलेली, नोंदणी झालेली, भानावर असलेली परिचारिका उभी असेल काय? डॉक्टर असेल, तो दूरध्वनीवर तरी असेल. यंत्रे असतील आणि त्यांची बिले तर खासच असतील. पण यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बदलला, हे ज्या डोळ्यांनी पाहावयाचे, ते डोळे असतील काय? असले, तर ते किती रुग्णांना वाटलेले असतील? आणि सलग कितव्या पाळीला जागत असतील?

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावयाचे धैर्य ना सरकारपाशी आहे, ना खाजगी इस्पितळांच्या मालकांपाशी. म्हणूनच तो पहिल्या पानावर विचारण्याची पाळी आमच्यावर आली आहे.

पायरीपायरीने रिकामी होणारी शिडी

आमच्या आरोग्यव्यवस्थेची रचना शिडीसारखी आहे. सर्वांत खाली उपकेंद्र. सपाट प्रदेशात पाच हजार लोकवस्तीमागे आणि डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजारांमागे एक, असे त्याचे प्रमाण आहे. तेथे एक आरोग्यसेविका असते. लसीकरण, बाळंतपणापूर्वीच्या तपासण्या, क्षयरोग्यांच्या गोळ्या, घरोघरचे सर्वेक्षण आणि ह्या सर्वांचे अहवाल, हा सारा भार तिच्या डोक्यावर. तिच्या वर तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे इस्पितळ. हिंजवडीकराच्या दृष्टीने बोलावयाचे, तर तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय पौडला, जिल्हा रुग्णालय औंधला, महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीत आणि सर्वांत वर पुण्याचे ससून.

कागदावर ही शिडी भक्कम दिसते. पण तिच्या पायऱ्या कोणत्या लोकसंख्येवर मोजल्या आहेत? देशाची शेवटची जनगणना २०११ साली झाली. २०२१ ची झालीच नाही, आणि आता आपण २०२७ च्या जनगणनेची वाट पाहत आहोत. मधल्या काळात हिंजवडी, माण, मारुंजी ह्या गावांचे रूप ओळखू येणार नाही इतके पालटले. तेथे कामाला येणारे तर राहोच, कायमचे राहावयास आलेल्यांचीही गणती सरकारच्या हिशेबात धड नाही. जुन्या लोकसंख्येवर जुनी पदे मंजूर, आणि त्या मंजूर पदांतही रिकाम्या खुर्च्या! आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

सरकारी शिडीला लागूनच खाजगी इस्पितळांची दुसरी शिडी उभी आहे. गल्लीतले दहा खाटांचे प्रसूतिगृह, चौकातले तीस-चाळीस खाटांचे नर्सिंग होम आणि हमरस्त्यावरचे शेकडो खाटांचे वातानुकूलित इस्पितळ, अशा तिच्या पायऱ्या. ह्या दोन्ही शिड्यांवर एकच व्यवहार चालू आहे: प्रत्येक वरची पायरी खालच्या पायरीवरची परिचारिका ओढून घेते. नवशिकी मुलगी छोट्या प्रसूतिगृहात हात बसवते आणि वर्षभरात मोठ्या इस्पितळात जाते. तेथे अतिदक्षता विभागात दोन वर्षे काढून ती अनुभवाचा दाखला मिळवते, आणि आखातात, इंग्लंडात किंवा जर्मनीत जाते. मधल्या मध्ये सरकारी जाहिरात निघाली, तर तिकडे धाव घेते. तिला दोष कोण देईल? पण वर चढणारी प्रत्येक मुलगी आपल्या मागे एक रिकामी जागा ठेवून जाते, आणि सर्वांत खालच्या पायरीवर ती रिकामी जागा अखेर कोणी भरावयाची? तेथे पांढरा कोट चढवलेली, पण कोणत्याही परिषदेकडे नोंद नसलेली ‘मावशी’ सलाईन लावते. मावशीच्या मायेबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. पण सलाईनच्या बाटलीत कोणते औषध किती घालावयाचे, हे मायेने समजत नाही. त्याला शिक्षण लागते.

नऊ रुग्णांमागे एक!

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा समज असा असेल, की परिचारिका किती असाव्यात ह्याबद्दल आपल्या देशात काही नियमच नसावा. तसे नाही. भारतीय परिचर्या परिषदेने प्रमाण ठरवून दिलेले आहे. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या इस्पितळात साधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, आणि रजा व आजारपण ह्यांसाठी वर तीस टक्के जादा माणसे असावीत. हे ऐकून बरे वाटते. पण ह्यातली मेख अशी, की हे प्रमाण सगळ्या पाळ्या मिळून आहे. तीस खाटांच्या वॉर्डाला दहा परिचारिका आणि रजेच्या तीन. त्यांना सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्यांत वाटले, म्हणजे एका वेळी वॉर्डात उभ्या राहतात तीन किंवा चार. परिषदेच्या हिशेबानेच एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक परिचारिका! हे आमचे आदर्श प्रमाण. प्रत्यक्षात ते कोठे आहे, हे ज्याने ससूनचा किंवा कोणत्याही जिल्हा रुग्णालयाचा वॉर्ड रात्री पाहिला आहे, त्याला आम्ही सांगावयास नको. तेथे खाटांवर जितके रुग्ण असतात, त्यांना जोडून खाली सतरंजीवरही असतात. आणि सतरंजीवरच्या रुग्णाला कोणत्याच प्रमाणात जागा नाही.

ह्याच्याशी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य ताडून पाहावे. तेथे १९९९ साली कायदा झाला, तो २००४ पासून अंमलात आला, आणि साधारण वॉर्डात कोणत्याही क्षणी पाच रुग्णांमागे एक परिचारिका असलीच पाहिजे, असे तेथील बंधन आहे. हा अमेरिकन श्रीमंतीचा चोचला आहे, असे कोणी म्हणेल. तो तसा नाही. पेनसिल्व्हेनियातील इस्पितळांच्या पाहणीवरून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात असे दिसून आले, की परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना मृत्यू येण्याचा संभव सात टक्क्यांनी वाढतो. पुढे २०१४ साली युरोपातील नऊ देशांतील सुमारे सव्वाचार लाख रुग्णांची पाहणी झाली, आणि तिच्यातूनही तोच सात टक्क्यांचा आकडा निघाला. तात्पर्य, परिचारिकांची संख्या हा सोयीगैरसोयीचा प्रश्न नाही. तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. रक्तदाब घसरू लागला, जखमेतून रक्त झिरपू लागले, श्वास जड झाला, हे पहिल्यांदा दिसते ते राउंडवर सकाळी येणाऱ्या मोठ्या डॉक्टरला नव्हे. ते दिसते रात्री तीनच्या सुमारास उशाशी येणाऱ्या परिचारिकेला. आणि ती आलीच नाही, तर ते कोणालाच दिसत नाही.

‘माणसे मिळत नाहीत’!

ह्या टंचाईविषयी सरकारला विचारा किंवा खाजगी मालकांना विचारा, उत्तर एकच येते: ‘काय करणार? माणसे मिळत नाहीत!’ ह्या उत्तराइतके सोयीचे आणि खोटे उत्तर दुसरे नाही.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा हे उत्तर खरे होते. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा सात हजारांच्या आसपास परिचारिका होत्या. त्रेचाळीस हजार माणसांमागे एक! आज देशात दर हजार लोकसंख्येमागे नोंदणी झालेल्या सुमारे दोन परिचारिका आहेत. हजारी तीन हे जे माप सांगण्यात येते, त्याहून ही संख्या कमी आहे खरी. पण त्रेचाळीस हजारांत एक आणि हजारात दोन ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. महाराष्ट्रात परिचर्येची महाविद्यालये आणि शाळा गावोगाव निघाल्या आहेत. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुली कर्जे काढून, तीन-तीन, चार-चार वर्षे घासून पदविका आणि पदव्या मिळवीत आहेत. मग सरकारी इस्पितळांत जागा रिकाम्या का?

त्या रिकाम्या आहेत, कारण त्या भरल्या जात नाहीत. आमच्या आरोग्य खात्याच्या भरतीचा अलीकडचा इतिहास वाचला, तर हसावे की रडावे कळत नाही. २०२१ साली खात्याने हजारो पदांसाठी परीक्षा जाहीर केली. ती पुढे ढकलली, मग घेतली, मग तिचे पेपर फुटले, आणि अखेर २०२२ साली ती सारी परीक्षाच रद्द झाली. ज्या मुलींनी त्या परीक्षेसाठी खाजगी नोकऱ्या सोडून अभ्यास केला, त्यांच्या दोन वर्षांची भरपाई कोणी केली? २०२३ साली पुन्हा जाहिराती निघाल्या. आरोग्य विभागाची १०,९४९ पदांची, आणि वैद्यकीय शिक्षण विभागाची पाच हजारांहून अधिक पदांची. इतकी पदे एकदम जाहीर करावी लागतात, ह्याचाच अर्थ ती वर्षानुवर्षे साचू दिली होती! दर वर्षी किती परिचारिका निवृत्त होणार, हे सरकारला दहा वर्षे आधी ठाऊक असते. तरीही जागा रिकामी होण्यापूर्वी ती भरण्याची तजवीज करावी, असे कोणाच्याही मनात येत नाही.

त्यात भर म्हणजे कंत्राटी भरतीचे खूळ! मे २०२२ मध्ये बाह्य संस्थांमार्फत परिचारिका नेमण्याच्या विचाराविरुद्ध राज्यातील परिचारिकांना संपावर जावे लागले. ६ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने खाजगी एजन्सींमार्फत सरकारी पदे कंत्राटाने भरण्याचा निर्णय काढला, आणि लोकक्षोभ उसळताच २० ऑक्टोबर रोजी तो मागे घेतला. जुलै २०२५ मध्ये परिचारिका पुन्हा आझाद मैदानावर होत्या. मागण्या त्याच: वेतनातील तफावत दूर करा, आणि कंत्राटी नव्हे, कायम भरती करा. अकरा महिन्यांच्या आदेशावर काम करणारी परिचारिका आणि कायम परिचारिका एकाच वॉर्डात, एकाच रुग्णाशेजारी, एकच काम करतात. पण एकीला निवृत्तिवेतन आहे, बाळंतपणाची रजा आहे आणि उद्याचा भरवसा आहे. दुसरीला आदेशाच्या मुदतीपलीकडे काही दिसत नाही. दुसऱ्यांच्या बाळंतपणासाठी जागणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या बाळंतपणासाठी नोकरीची भीती बाळगावी लागावी, ह्याहून मोठी विटंबना कोणती?

खाजगी इस्पितळांची कहाणी ह्याहून निराळी नाही. ती फक्त अधिक झगझगीत आहे. तेथील परिचारिकांच्या वेतनाचा आणि वागणुकीचा प्रश्न परिचारिकांच्या संघटनेने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी समिती नेमण्याचा आदेश दिला, आणि त्या समितीने त्याच वर्षी इस्पितळांच्या आकारमानाप्रमाणे वेतनाची श्रेणी आखून दिली. दोनशेहून अधिक खाटांच्या इस्पितळांनी सरकारी परिचारिकेइतकेच वेतन द्यावे. शंभर ते दोनशे खाटांच्या इस्पितळांचे वेतन त्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे. पन्नास ते शंभर खाटा असल्यास ही सवलत पंचवीस टक्क्यांपर्यंत. आणि पन्नासांहून कमी खाटांच्या इस्पितळातही महिन्याला वीस हजार रुपयांच्या खाली कोणी जाऊ नये. ह्याहून समंजस शिफारस दुसरी कोणती असू शकेल? लहानाला लहानाप्रमाणे, मोठ्याला मोठ्याप्रमाणे. केरळने एप्रिल २०१८ मध्ये खाजगी इस्पितळांतील परिचारिकांचे किमान वेतन अधिसूचना काढून वाढवले. महाराष्ट्राने ह्या शिफारशींना कायद्याचे दात कधी बसवले? वीस हजार हा २०१६ चा आकडा आहे. त्यानंतर वाकड-हिंजवडी भागातली घरभाडी कोठवर चढली, हे तेथे राहणाऱ्या कोणालाही विचारा. रात्रपाळी करून सहा जणींत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलींना ‘माणसे मिळत नाहीत’ ही सबब ऐकून काय वाटत असेल? माणसे मिळतात. देऊ केलेल्या पगारात ती टिकत नाहीत, एवढाच काय तो अर्थ! आणि टिकावीत म्हणून काही ठिकाणी काय करतात? पगार वाढवीत नाहीत. मुलीची मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवतात! ह्या वेठबिगारीविरुद्ध देशातल्या मोठमोठ्या शहरांतल्या परिचारिका २०११-१२ साली रस्त्यावर आल्या होत्या.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ही टंचाई जेव्हा माणसांचे बळी घेते, तेव्हा काय होते ते पाहा. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या विभागाला आग लागली आणि दहा बालके दगावली. साऱ्या महाराष्ट्राचे काळीज त्या दिवशी हलले. पुढे गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण मेले. तेथे अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. त्यांच्या दोषादोषाचा निवाडा न्यायालयाचा आहे, आम्ही तो करू इच्छीत नाही. पण विजेच्या तारा परिचारिकेने बसवल्या होत्या काय? अग्निशामक यंत्रणेचा प्रस्ताव फायलीत तिने दाबून ठेवला होता काय? पाळीला किती जणी असाव्यात, हे तिने ठरवले होते काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय इस्पितळात अठ्ठेचाळीस तासांत एकतीस रुग्ण दगावले, आणि त्यांत सोळा अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली आणि सरकारला रिकाम्या पदांचा हिशेब मागितला. त्याच सुमारास एका खासदार महाशयांनी इस्पितळात जाऊन काय करावे? अधिष्ठात्यांच्याच हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करवून घेतले! आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण आमच्या पूर्वजांनी अशाच प्रसंगासाठी करून ठेवली असावी. आणि असा प्रत्येक प्रसंग हाच धडा शिकवतो, की ह्या व्यवस्थेत सर्वांत कमी अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच माथी सर्वांत मोठा दोष. मग शहाण्या आईबापांनी आपल्या मुलीला ह्या पेशात कशासाठी पाठवावे?

जर्मनीला जा; पण घर कोण राखणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. तेथे कुशल मनुष्यबळाची चणचण आहे. म्हणून महाराष्ट्रातून दहा हजार माणसे पाठवावयाची, आणि त्यांत परिचारिकाही आहेत. आमच्या मुलींनी परदेशी जाऊ नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चांगले वेतन आणि मानाची वागणूक जेथे मिळेल, तेथे जाण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण हेच सरकार इकडे आपल्या इस्पितळांना ‘माणसे मिळत नाहीत’ म्हणते, आणि तिकडे दुसऱ्या देशाला माणसे पुरवण्याचे हमीपत्र लिहून देते, ह्या विसंगतीला काय म्हणावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ साली जगात अठ्ठावन्न लाख परिचारिकांची तूट होती. श्रीमंत देश ती तूट आमच्यासारख्यांच्या पदरातून भरून काढणार, हे उघड आहे. त्यांना अडवण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे आपल्या मुलींना घरी राहावेसे वाटेल, असे घर करणे.

मे २०२० चे दिवस विसरलात काय? कोरोनाची लाट मुंबईवर आदळली, तेव्हा महाराष्ट्राने केरळकडे हात पसरून पन्नास डॉक्टर आणि शंभर परिचारिका मागितल्या. देशातल्या सर्वांत संपन्न म्हणवणाऱ्या राज्यावर ही वेळ आली. त्याच वर्षी ऑगस्टात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर आठशे खाटांचे ‘जम्बो’ इस्पितळ पाहता पाहता उभे राहिले. मांडव उभा राहिला, खाटा आल्या, प्राणवायूच्या नळ्या आल्या. पण त्या खाटांशी उभी राहणारी माणसे काही आठवड्यांत तयार होत नाहीत, हे पहिल्याच दिवसांत पुणेकरांना कळून चुकले. त्या वेळी आम्ही सज्जांत उभे राहून थाळ्या वाजवल्या. थाळ्या थंडावल्या आणि परिचारिका पुन्हा विस्मरणात गेल्या.

पुण्याने हा विसर पडू द्यावयास नको होता. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता ज्यांनी देह ठेवला, त्या सावित्रीबाई ह्याच पुण्याच्या. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन काढले आणि विधवा, परित्यक्ता स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससूनची वाट दाखवली, तेही ह्याच पुण्यात. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागतो, म्हणून ह्या पेशाला नाक मुरडणाऱ्या समाजाच्या तोंडावर त्यांनी हे धाडस केले. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातील परिचारिकांनी, अमानुष हल्ल्यात जाणीव हरपलेल्या आपल्या एका सहकारिणीची १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, पिढ्यांमागून पिढ्या शुश्रूषा केली. त्या सेवेपुढे सर्वोच्च न्यायालयही नतमस्तक झाले. ज्या मातीत ही परंपरा रुजली, तेथे परिचारिका ‘मिळत नाहीत’, असे म्हणावयास जीभ धजते तरी कशी?

काय केले पाहिजे

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न विचारण्यात येईल. लहान इस्पितळे बंद पडतील, रुग्णांची बिले वाढतील, अशी भीतीही घालण्यात येईल. लहान इस्पितळांची अडचण खरी आहे, आणि म्हणूनच समितीने त्यांच्यासाठी वेगळी पायरी ठेवली आहे. पण कोट्यवधींचे यंत्र घ्यावयास ज्यांच्यापाशी भांडवल आहे, त्यांनी त्या यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या परिचारिकेच्या पगाराच्या वेळी दारिद्र्याचे सोंग आणू नये. सरकारविषयी तर बोलावयासच नको. जे राज्य उड्डाणपूल आणि मेट्रोमार्ग बांधते, त्याला मंजूर पदांचे पगार परवडत नाहीत, हे कोणीही मानणार नाही. परिचारिकेची जागा रिकामी ठेवणे ही काटकसर नव्हे. तो रुग्णांच्या प्राणांवर बसवलेला छुपा कर आहे.

आमच्या मागण्या चार आहेत, आणि चारही साध्या आहेत. पहिली: सरकारी परिचारिकांची भरती दर वर्षी ठरलेल्या महिन्यात, कायम स्वरूपाची आणि पेपरफुटीला वाव न देणारी व्हावी. निवृत्त होणारीची जागा तिच्या निरोपसमारंभाआधी भरलेली असावी. दुसरी: २०१६ च्या समितीची खाटांनिहाय वेतनश्रेणी आजच्या महागाईशी जुळवून महाराष्ट्रातील प्रत्येक खाजगी इस्पितळाला सक्तीची करावी, आणि शुश्रूषागृहाच्या नोंदणीचे नूतनीकरण तिच्याशी जोडावे. प्रमाणपत्रे अडकवून ठेवणाऱ्यांची नोंदणी रद्द व्हावी. तिसरी: हिंजवडीसारख्या झपाट्याने वाढलेल्या भागांत नव्या जनगणनेची वाट न पाहता, प्रत्यक्ष वस्तीप्रमाणे उपकेंद्रे, आरोग्यसेविका आणि सार्वजनिक इस्पितळाच्या खाटा मंजूर कराव्यात. ज्या उद्योगांनी ही वस्ती आणली, त्यांनीही त्यात आपला वाटा उचलावा. चौथी: प्रत्येक इस्पितळाच्या प्रत्येक वॉर्डाच्या दारावर एक फळा लावावा, आणि त्यावर दर पाळीला दोन आकडे लिहावेत. रुग्ण किती, नोंदणीकृत परिचारिका किती. ह्या फळ्याला खडूखेरीज काही खर्च नाही. तो लावावयास जो नकार देईल, त्याच्या नकारातच उत्तर आहे.

आणि अखेरचा शब्द आमच्या वाचकांसाठी. आपण सुशिक्षित आहोत. इस्पितळ निवडताना आपण शल्यविशारदाचे नाव विचारतो, यंत्र कोणत्या देशाचे ते विचारतो, विमा चालतो की नाही ते विचारतो, खोली वातानुकूलित आहे की नाही तेही विचारतो. पण ‘रात्रपाळीला ह्या मजल्यावर किती शिकलेल्या परिचारिका असतात?’ हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय? आपण तो विचारीत नाही, म्हणून मालकाला त्याचे उत्तर द्यावे लागत नाही. आणि मालकाला द्यावे लागत नाही, म्हणून सरकारलाही द्यावे लागत नाही. उद्यापासून तो विचारू या. मध्यरात्री आपल्या उशाशी घंटा असेल. पण ती ऐकणारे कोणी आहे की नाही, हे घंटा दाबण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे!